खेळाचा कर्ता

सारीपाट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला; परंतु त्याचा पट प्रथम कोणी आखला, हे कोणालाच ठाऊक नाही. काव्याला कवी असतो, तसा खेळालाही कर्ता असतो, ही जाणीव जगाला फार उशिरा झाली.

जर्मनीत समीक्षकांच्या एका मंडळाने १९७९ साली ‘वर्षाचा खेळ’ हा पुरस्कार प्रथम दिला. तो डेव्हिड पार्लेट या इंग्रज रचनाकाराच्या ‘ससा आणि कासव’ या खेळाला मिळाला. पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते. खोक्यावर छापावयाचे एक चिन्ह तेवढे असते. पण त्या चिन्हाने खप कितीतरी पटींनी वाढतो.

तरीही कर्त्याचे नाव छापणे प्रकाशकांच्या मर्जीवरच होते. तेव्हा १९८८ साली न्युरेंबर्गच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात काही रचनाकारांनी पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या: खोक्यावर नाव नसेल, तर खेळ द्यावयाचा नाही! पुढे १९९५ साली ‘कॅटान’ या खेळाला पुरस्कार लाभला, तेव्हा खोक्यावर क्लाउस टॉयबर यांचे नाव होते. दंततंत्रज्ञाचा व्यवसाय सांभाळून ते घरच्या तळघरात खेळ रचीत असत.

सारीपाटाचा कर्ता अनामिकच राहिला. नवा पट आखणाऱ्याच्या वाट्याला तरी ते अनामिकत्व येऊ नये.