उपवासकाळातील मोहप्रतिकार

उपवासकाळातील मोहप्रतिकार ही ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळात (लेंट) श्रद्धा, प्रार्थना व संयम यांच्या बळावर मोहाला सामोरे जाण्याची साधना होय. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाची कथा तिच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत हा काळ मोहफुलांच्या हंगामात येत असल्याने मद्यत्यागाच्या व्रताला तेथे वेगळा संदर्भ लाभतो.

शास्त्राधार

मत्तय (४:१-११) व लूक (४:१-१३) यांच्या शुभवर्तमानांत ही कथा सविस्तर येते. उपवासानंतर येशूला भूक लागते, तेव्हा सैतान त्याला दगडांच्या भाकरी करण्यास सुचवतो. पुढे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे आव्हान आणि जगातील राज्यांचे आमिष येते. तिन्ही वेळा येशू ‘अनुवाद’ या ग्रंथातील वचनाने उत्तर देतो, चमत्काराचा आधार घेत नाही. पहिला मोह भाकरीचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भाकरी निषिद्ध नाही आणि भूक हे पाप नाही. गरज भागवण्यासाठी ईश्वरावरील भरवसा सोडावा की नाही, हा तेथील खरा प्रश्न आहे.

मोह होणे आणि पाप करणे यांत ख्रिस्ती नीतिशास्त्र स्पष्ट भेद करते. संत ऑगस्टीन याने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: मनात सूचना येणे, तिची गोडी वाटणे आणि तिला संमती देणे. संमतीपूर्वी थांबण्याची ताकद प्रार्थनेने मिळते, अशी श्रद्धा आहे.

प्रभूच्या प्रार्थनेतील संबंधित विनंतीच्या अर्थाविषयी जुना वाद आहे. मूळ ग्रीक ‘पेइरास्मोस’ या शब्दाचे ‘परीक्षा’ व ‘मोह’ असे दोन्ही अर्थ होतात. ईश्वर कोणालाही मोहात पाडत नाही, असे याकोबाचे पत्र (१:१३) सांगते. मग त्याने आपल्याला मोहात नेऊ नये, अशी विनवणी का करावी? याच अडचणीमुळे इटालियन उपासनाग्रंथात २०२० पासून या विनंतीचे शब्द बदलण्यात आले.

चांदा धर्मप्रांत

चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे जिल्हे सिरो-मलबार कॅथलिक चर्चच्या चांदा धर्मप्रांतात मोडतात. १९६२ मध्ये हे क्षेत्र केरळमधील सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. संत थॉमस महामंदिर बल्लारपूर येथे आहे.

या चर्चची परंपरा पूर्व सिरियाक असल्याने उपवासाची गणना लॅटिन कॅथलिकांहून निराळी आहे. लॅटिन परंपरेत राखेच्या बुधवारी प्रारंभ होतो आणि रविवार वगळून चाळीस दिवस मोजले जातात. सिरो-मलबार परंपरेत प्रारंभ दोन दिवस आधी, सोमवारी होतो. रविवारही धरले जातात आणि ईस्टरपर्यंत सुमारे पन्नास दिवस भरतात. म्हणून मल्याळममध्ये याला ‘पन्नास दिवसांचा उपवास’ असेही म्हणतात. मांस व मद्य वर्ज्य करणे ही जुनी रीत. अनेक कुटुंबे मासे, अंडी व दूधही सोडतात. शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ ही भक्ती केली जाते. उपवासाने वाचलेले गरजूंना देणे हेही साधनेचेच अंग मानले जाते, कारण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपवास यांचा उपदेश एकत्र येतो.

मोहफुलांचा हंगाम आणि मद्यत्याग

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. मोहाची फुले मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि पहाटे वेचली जातात. झाडाचे नाव ‘मोह’ आणि मनाची ओढ म्हणजेही ‘मोह’, हा मराठीतील योगायोग आहे; झाडाचे नाव संस्कृत ‘मधूक’वरून आले, तर दुसरा शब्द ‘मुह्’ धातूपासून. ही फुले वाळवून खाल्ली जातात, विकली जातात आणि आंबवून त्यांची दारूही गाळली जाते. गोंड समाजाच्या धार्मिक विधींत या दारूला स्थान आहे, त्यामुळे तिच्याकडे केवळ व्यसन म्हणून पाहणे अपुरे ठरते.

गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. उपवासकाळातील मद्यत्याग या कायद्यांवर अवलंबून नाही. बंदी विक्रीला आळा घालते, पण अंगणात वाळत पडलेल्या फुलांचे काय करायचे, हे घरातल्या माणसालाच ठरवावे लागते. फुले वेचणे हा उपजीविकेचा भाग असल्याने व्रतस्थ व्यक्तीला त्यांच्यापासून दूर राहता येत नाही. मोहाचे निमित्त टाळावे, हा धर्मगुरूंचा नेहमीचा सल्ला अशा ठिकाणी मर्यादित उपयोगाचा ठरतो आणि प्रार्थनेवरचा भार वाढतो.