छत्री सोडा, स्वतःचं सांगा

सकाळी ६.३०
भोर स्टँडवरून एसटीने चेलाडी फाटा, तिथून शाळेपर्यंत वेल्ह्याकडे जाणारं वडाप. पिशवी मांडीवरच ठेवते. आत सातवीच्या वह्या आहेत आणि जीप दोन्हीकडून गळते. भातलावणी उरकली, त्यामुळे आज पट भरेल. जुलैत अर्धा वर्ग खाचरात असतो. त्यावर चिडून उपयोग नाही, पुढे लिहायला तेच कामी येतं.

१०.३०
परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. सुविचार एखाद्या दिवशी वगळला तर बरं, पण ते माझ्या हातात नाही.

११
परीक्षेत आत्मवृत्त येतं, म्हणून फाटक्या छत्रीचं आणि मोडक्या खुर्चीचं मनोगत सगळ्यांना तोंडपाठ. स्वतःबद्दल विचारलं की तीनच ओळी: नाव, इयत्ता, मोठेपणी पोलीस. म्हणून आधी लिहायचंच नाही. जोड्या लावायच्या, एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. तुझं नाव कोणी ठेवलं? अंगावरची ही खूण कशाची? खुणेचा प्रश्न हमखास चालतो. विळा, म्हशीचं शिंग, सायकलची चेन... थोड्या वेळात एवढा गलका होतो की शेजारचे गुरुजी दारातून डोकावून जातात.

१२
आता लेखन. एकीने लिहिलं: मी पडले. मला लागले. मी रडले. शुद्ध आणि कोरडं. मैत्रिणीला सांगताना मात्र इरलं वाऱ्याने कसं उलटलं, बांधावरून पाय कसा सटकला, सगळं आलं होतं. मी एवढंच विचारलं, "आई काय म्हणाली?" तिने खोडरबर हातात घेतला, परत ठेवला आणि लिहिलं: आई म्हणाली रोपं सांडली का गं भवाने.
"बाई, 'भवाने' चालतं?"
चालतं. आईचे शब्द आईचेच राहू देत. फक्त अवतरणचिन्हात घाल, म्हणजे कोण बोललं ते कळेल. नियम म्हणून शिकवलेलं अवतरणचिन्ह महिनाभरात विसरतात. हे विसरणार नाही असं वाटतं.

ही काही माझी अक्कल नव्हे. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली. मुलाच्या अनुभवातून लेखनाकडे जायची वाट तिथे केव्हाच मळली आहे. आणि लक्ष्मीबाई टिळक तर शाळेत गेल्याच नव्हत्या, तरी १९३४ पासून छापून आलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' लोक अजून वाचतात.

१.३०
खिचडी.

२.१५
तिसरी-चौथी. यांच्याकडून घराचा नकाशा: चूल, गोठा, टीव्ही, मी झोपतो ती जागा. प्रत्येक जागेला एक वाक्य. जोडाक्षरं इथेच सुटतात. 'गोठ्यात' नीट लिहिल्याशिवाय म्हैस आत जात नाही, अशी अट आहे.

३.३०
सातवीचं वाचन. ज्याला वाटेल त्याने वाचायचं. एकजण वडिलांवरचं पान वाचणार नाही म्हणाला. ठीक. ज्या पानाचा कोपरा दुमडलेला, ते मी बघत नाही, हा आमचा करार. मुलांना आत्मचरित्र लिहायला सांगायचं आणि मग त्यांच्या घरात नाक खुपसायचं, हे मला पटत नाही.

रात्री ८
भोर. आता माझ्या दुसऱ्या, वेळवंड खोऱ्यातल्या शाळेच्या वह्या. लाल पेन नाही, पेन्सिल. दरेक वहीत चुका दोनच दाखवायच्या आणि खाली एक प्रश्न. एकाने लिहिलंय, आमचं जुनं गाव भाटघर धरणाच्या पाण्यात आहे, मे महिन्यात पाणी आटलं की कांबरेश्वराचं देऊळ दिसतं. पुढच्याच ओळीत क्रिकेट! धरणाला जवळजवळ शंभर वर्षं झाली. म्हणजे गाव सोडणारे याचे पणजोबा, नाहीतर त्यांचे वडील. खाली लिहिलं: "गाव उठलं तेव्हा सामान कसं आणलं? घरी विचार." 'पाणि'चा णी दीर्घ केला. क्रिकेटला हात लावला नाही. नो-बॉलवरून झालेलं भांडण आहे, आणि ते फार झकास उतरलंय.