परसातला दरबार

संगीतशास्त्रकारांनी सप्तस्वरांची वाटणी करताना षड्ज मोराला दिला, पंचम कोकिळेला दिला आणि ऋषभ बहुतेकांनी चातकाच्या पदरी घातला. परंतु जैनांच्या स्थानांगसूत्रात हा ऋषभाचा मान कोंबड्याला मिळाला आहे. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ आणि प्लुताचे मान 'उ'कारावरून सांगितले तेही कोंबड्याच्याच आरवण्यावरून, असे परंपरा मानते. तेव्हा परसातला हा गवई अगदीच बिनघराण्याचा नव्हे!

आमच्या वडिलांच्या दरबारी मैफलीत लहानांनी आधी गावे आणि बुजुर्गांनी शेवटी, असा रिवाज होता. खुराड्यात नेमके उलटे असते. जपानातील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की पहाटे प्रथम आरवण्याचा अधिकार कळपातील सर्वांत वरिष्ठ कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून सूर लावतात. म्हणूनच जमलेल्या कळपात नवा पक्षी एकदम सोडू नये. आठ-दहा दिवस जाळीआड शेजारी ठेवावा, म्हणजे मानपानाची मारामारी कमी होते.

उज्जैनच्या जुन्या वाड्यांना परसू असे. ज्या घरांत पक्षी पाळण्यास हरकत नव्हती तेथे गावठी कोंबड्या, चार बदके, क्वचित गिनी कोंबड्या असा मिश्र मेळा एकत्र नांदे. या मेळ्याला अर्थ आहे. घार दिसली की गिनी कोंबडी असा कलकलाट करते की सारा कळप आडोशाला धावतो. रात्री मात्र मांजरापुढे कलकलाट चालत नाही. तेथे बारीक, भक्कम जाळी आणि दिवेलागणीला न चुकता लावलेली कडी, हेच खरे राखणदार.

खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, शिरली की दोन दिवसांत खुराडे रिकामे होते आणि तिच्यावर औषध नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लशीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची सुई, एवढाच उपाय. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात कावळे मरून पडू लागले, तेव्हा बर्ड फ्लूची वार्ता माळव्यात घरोघर पोहोचली. बदकाच्या अंगी हा रोग काही वेळा लक्षणे न दाखवता राहतो. म्हणून बदकांचे पाणी निराळे असावे, आणि दाणा-पाणी उघड्यावर, रानपाखरांच्या वाटेत ठेवू नये.

आता मिश्र कळपाचा एक नाजूक प्रश्न. धार-रतलामच्या पलीकडील झाबुआचा कडकनाथ हे भिल्ल-भिलाला लोकांनी जतन केलेले वाण आहे. त्याची पिसे, कातडी, मांस, हाडेही काळी. २०१८ साली त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि शहरांतून मागणी वाढली. परंतु कडकनाथाचा कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला, की त्याचा काळेपणा संकर झालेल्या पिल्लांतही बराचसा उतरतो. पिल्लू काळे दिसते, घेणारा फसतो आणि वाण हळूहळू विरघळते. पेशकारी घराण्याची, गायकी कोणाचीच नाही, तसाच हा प्रकार.

तोडगा सोपा आहे. अंडी उबवण्यासाठी घ्यावयाची असतील त्या दिवसांत, आणि त्याआधी तीन-चार आठवडे, कडकनाथाची जोडी वेगळ्या जाळीत ठेवावी. कारण कोंबडीच्या पोटी आधीच्या नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. एरवी सर्वांनी खुशाल एकत्र चरावे. आणि मौज अशी, की कडकनाथाची कोंबडी फारशी खुडूक बसत नाही. वर्षाला ऐंशी-शंभर अंडी घालील, पण एकवीस दिवस मांडी मोडून बसण्याचा संयम तिच्यापाशी कमी. तो गावठी कोंबडीपाशी भरपूर. परक्याची अंडी उबवून पिल्लांना पंखाखाली घेणारी ही साधी गावठी कोंबडीच त्या नामवंत वाणाची वंशवेल चालू ठेवते.

घराणे जपायचे ते असे. प्रजननापुरते वेगळेपण, आणि संगोपनाला साऱ्या गोताची साथ. परसू उरलेल्या ज्या थोड्या घरांत अजून पहाटेचा ऋषभ ऐकू येतो, त्यांनी एवढे पथ्य अवश्य पाळावे.