वायपर, कोब्रा आणि न थरथरणारं यंत्र

आमचे बाबा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन विभागात होते. मी आठवीत असताना एकदा ते मला आत घेऊन गेले. चालू टर्बाइनच्या लोखंडी आवरणावर त्यांनी खिशातलं रुपयाचं नाणं काठावर उभं केलं आणि हात काढून घेतला. आत मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी रोटर फिरत होता, कानठळ्या बसतील असा आवाज होता, आणि नाणं तसंच उभं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तरी ऐकू आलं नसतं.

संपादकांनी ऊर्जा विशेषांकासाठी टर्बाइनवर लेख मागितला, तेव्हा मला आधी ते नाणं आठवलं. माहिती घरबसल्याही मिळाली असती. पण ज्या बोटीत हे यंत्र पहिल्यांदा समुद्रावर गेलं ती बोट अजून आहे म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी न्यूकॅसलला गेले.

बोटीचं नाव ‘टर्बिनिया’. डिस्कव्हरी म्युझियममध्ये आत शिरल्या शिरल्या ती समोर येते. लांबी १०४ फूट, रुंदी अवघी ९ फूट. एखादी पट्टी उभी धरावी तशी. मागच्या बाजूला गेलं की तीन शाफ्ट दिसतात आणि त्यांवर ओळीने बसवलेले पितळी रंगाचे पंखे. तिथेच मी बराच वेळ घालवला. १९२० च्या दशकात ही बोट चक्क मधून कापली होती. सबंध ठेवायला जागा नव्हती, म्हणून यंत्राचा मागचा भाग लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये गेला. पुढे काही दशकांनी दोन्ही तुकडे न्यूकॅसलला पुन्हा जोडले. आज ती अखंड दिसते. सांधा शोधत मी तिच्या बाजूने दोनदा फिरले, कारण मला तिच्यापेक्षा तिच्यामागून आलेल्या दोन बोटींबद्दल लिहायचं होतं, आणि त्यांतली एक भर समुद्रात मधूनच तुटली होती.

थोडा मागचा इतिहास सांगते. १८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडने स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा टॉर्पेडो बनवला. त्यानंतर छोट्या, स्वस्त, वेगवान बोटी मोठमोठ्या युद्धनौकांच्या जिवावर उठल्या. फ्रान्सने अशा टॉर्पेडो बोटींचा ताफाच उभा केला. ब्रिटिश आरमाराला धडकी भरली. १८९२ मध्ये ॲडमिरल फिशर आणि जहाजबांधणी करणारा आल्फ्रेड यारो यांच्या विचारातून नवा प्रकार निघाला. टॉर्पेडो बोटीपेक्षा मोठी, तिच्याहून वेगवान, तिला गाठून संपवणारी. नावच मुळी ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’. आपण आज विनाशिका म्हणतो त्या शब्दातून टॉर्पेडो बोट गळून गेली आहे, पण सुरुवातीला विनाश तिचाच करायचा होता. पहिली ‘हॅवॉक’ १८९३ मध्ये पाण्यात उतरली. सुमारे २४० टन वजन आणि २६ नॉट वेग. मग २७, मग ३०. दर वर्षी आकडा वाढत गेला.

हा वेग यायचा तो दट्ट्याच्या इंजिनातून. सिलिंडरमध्ये वाफ, वाफेच्या जोराने दट्ट्या वरखाली, त्याचा दांडा क्रँकला, क्रँक शाफ्टला. शेकडो किलो लोखंड एका दिशेने झेपावतं, थांबतं, उलटं फिरतं, पुन्हा थांबतं. मिनिटाला जवळपास ४०० वेळा. पूर्ण वेगात असताना इंजिनरूममध्ये तेल आणि पाणी सतत उडत असे. बेअरिंग तापू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचा मारा चालू ठेवावा लागे, आणि माणसं दांड्यांच्या हातभर अंतरावरून वाकून हाताने चाचपत असत, तापलंय का ते पाहायला. सबंध बोट थरथरायची. पलीकडच्या बॉयलरखोलीत भट्टीला जास्त हवा मिळावी म्हणून पंख्याने दाब भरलेला असे. त्यासाठी खोली बंदिस्त ठेवत. त्या कोंडीत, डोलणाऱ्या फरशीवर उभं राहून स्टोकर फावड्याने कोळसा टाकत. मी जेवढं वाचलं, त्यात वेगाचे आकडे दशांशापर्यंत दिलेले आहेत. फावड्यांचा हिशोब कुठे नाही.

चार्ल्स पार्सन्सला हा वरखालीचा खेळच नको होता. आयर्लंडमधल्या बरच्या उमरावाचा हा धाकटा मुलगा. वडिलांनी घरच्या बागेत त्या काळातली जगातली सर्वांत मोठी दुर्बीण उभारलेली. मुलगा मात्र गेट्सहेडच्या कारखान्यात रमला. १८८४ मध्ये त्याने पहिलं टर्बाइन बनवलं. वाफ एकदम न सोडता पात्यांच्या ओळींमागून ओळींतून थोडी थोडी फैलावू द्यायची, प्रत्येक ओळीने तिच्यातला थोडा थोडा जोर काढून घ्यायचा. थांबणं नाही, उलटणं नाही, नुसतं फिरणं. ते छोटं यंत्र मिनिटाला १८,००० फेऱ्या घेई. कोराडीत बाबांचं नाणं उभं राहिलं त्याचं कारण इथे आहे.

१८९४ मध्ये त्याने ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली आणि यंत्र हट्टाला पेटलं. टर्बाइन सुरेख फिरे, पण बोट २० नॉटच्या आत अडकून राहिली. पंख्यामागून पंखे बदलले, उपयोग नाही. दोष टर्बाइनचा नव्हता, पाण्याचा होता. पंखा इतक्या जोरात फिरला की त्याच्या पात्यामागचं पाणी तुटतं, तिथे वाफेच्या पोकळ्या तयार होतात आणि पंखा पाण्याऐवजी पोकळीतच वळवळतो. हे डोळ्यांनी पाहण्यासाठी पार्सन्सने १८९५ मध्ये तांब्याची एक छोटी टाकी केली. तिला काचेच्या खिडक्या आणि आत दोन इंची पंखा. टाकीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब कमी केला की पोकळ्या कमी वेगातही उमटत. पंख्याच्या फेऱ्यांच्या तालावर प्रकाशाची उघडझाप करायची, म्हणजे फिरणारा पंखा स्थिर दिसतो आणि पात्यामागची पोकळीही दिसते. या सगळ्या कहाणीतलं मला सर्वांत आवडलेलं यंत्र हेच. आरमाराला धाक बसवायला निघालेला माणूस एका हंड्याएवढ्या टाकीत डोळा लावून बसला आहे आणि काय चुकतंय हे नुसतं बघतो आहे.

मग त्याने एका टर्बाइनची तीन केली. शाफ्ट तीन आणि प्रत्येकावर तीन-तीन पंखे. २६ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला आरमाराचा सोहळा होता. युद्धनौकांच्या रांगांमधून ‘टर्बिनिया’ सुसाट धावली. वेग ३४ नॉटच्या आसपास. गस्तीच्या बोटी मागे लागल्या, पण तिला गाठू शकल्या नाहीत.

यातून आल्या ‘वायपर’ आणि ‘कोब्रा’. ‘वायपर’ आरमाराने मागवली. टाइन नदीकाठी हेबर्नला हॉथॉर्न लेस्लीच्या कारखान्यात ती बांधली आणि सप्टेंबर १८९९ मध्ये पाण्यात सोडली. लांबी २१० फूट, चार शाफ्ट, आठ पंखे. १९०० मधल्या चाचणीत तिने तासभर सरासरी ३६.५ नॉटचा वेग ठेवला, म्हणजे ताशी सुमारे ६८ किलोमीटर. जगात तेव्हा एवढ्या वेगाचं दुसरं जहाज नव्हतं. आणि एवढ्या वेगातही ती थरथरली नाही. तेलाचे शिंतोडे नाहीत, दांड्यांची धडधड नाही. बेअरिंग चाचपायला वाकलेली माणसं आता ताठ उभी राहू शकत होती. कुणी मला विचारलं की टर्बाइनने काय दिलं, तर मी वेगाआधी हे सांगेन.

फक्त बॉयलरखोलीत काही बदललं नव्हतं. उलट काम वाढलंच. टर्बाइन पूर्ण वेगात काटकसरी, पण हळू चालवलं की कोळसा खात सुटे, आणि युद्धनौकेचा बहुतेक वेळ हळू चालण्यातच जातो.

‘वायपर’ची प्रत्यक्ष सेवा जेमतेम एका उन्हाळ्याची. ३ ऑगस्ट १९०१ ला वार्षिक सरावात ‘शत्रू’च्या टॉर्पेडो बोटी शोधत ती इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाजवळ फिरत होती. धुकं उतरलं. वेग कमी केला, तरी रेनोंके खडकावर ती चढलीच. पंखे मोडले. मग भरती तिला खडकांवर ढकलत राहिली. सगळी माणसं वाचली, बोट गेली. यात यंत्राचा दोष नव्हता, धुक्यात तेव्हाची कुठलीही बोट अशीच गेली असती. त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर ‘किंग एडवर्ड’ ही टर्बाइनची पहिली प्रवासी बोट सहलीची माणसं नेऊ-आणू लागली होती. पार्सन्सकडे अजून ‘कोब्रा’ होती.

‘कोब्रा’ आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने टाइनकाठच्या एल्सविकला कुणाच्याही मागणीविना, गिऱ्हाईक मिळेलच या भरवशावर बांधली आणि आरमाराने ती विकत घेतली. १७ सप्टेंबर १९०१ ला ती टाइनवरून पोर्ट्समथकडे निघाली. तोफा तिथे चढवायच्या होत्या. लेफ्टनंट ॲलन बॉसवर्थ स्मिथ कप्तान. बोटीवर एकूण ७९ माणसं. खलाशी होते, तसेच कारखान्यातले कामगारही, कारण यंत्र नवं होतं आणि ते सांभाळायला त्याची सवय असलेलीच माणसं लागत. पार्सन्सच्या वॉल्सेंडच्या कारखान्याचा व्यवस्थापक रॉबर्ट बर्नार्ड त्यांत होता. ‘टर्बिनिया’पासून पार्सन्ससोबत असलेला.

रात्री समुद्र खवळला. बोट इतकी हेलकावे खाऊ लागली की स्टोकरांना भट्टीसमोर उभं राहणं अशक्य झालं. वेग अगदी कमी केला. उजाडल्यावर थोडा वाढवला. १८ तारखेला सकाळी सातच्या सुमारास, लिंकनशरच्या किनाऱ्यापासून दूर डाउसिंग दीपनौकेच्या टापूत, बोटीला एक हिसका बसला आणि बॉयलरांच्या जागी ती मधून मोडली. होड्या सोडायला वेळ मिळाला नाही. १२ माणसं एका छोट्या डिंगीत शिरली. मुख्य अभियंता पर्सी त्यांतला एक, आणि वाचलेला एकमेव अधिकारी. जवळपास अकरा तास ती तशीच वल्ही मारत तग धरून राहिली, तेव्हा एका आगबोटीने त्यांना उचललं. ६७ माणसं गेली. बॉसवर्थ स्मिथ गेला. बर्नार्ड गेला. ज्यांच्या हातांना टर्बाइन कळत होतं अशी जगात जी मोजकी माणसं होती, त्यांतली कितीतरी एका सकाळी बुडाली. या बातमीपाशी येऊन मी दोन दिवस लिहू शकले नाही. कोराडीत ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत रात्री-अपरात्री घरी येणारी बाबांच्या पाळीची माणसं मला दिसत राहिली.

आरमाराच्या रिवाजाप्रमाणे वाचलेल्यांवरच कोर्ट मार्शल चाललं. बोट पाण्याखालच्या कशावर तरी आदळली असावी, असा बांधणाऱ्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. बोट कुठे टेकली नाही, कशावर आदळली नाही, तिची बांधणीच कमजोर होती आणि ती आरमारात विकत घेतली गेली याचा खेद वाटतो, असा निकाल आला. वाचलेले दोषमुक्त झाले. टर्बाइनवर ठपका नव्हता. तरी लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. दीड महिन्यात टर्बाइनच्या दोन्ही विनाशिका तळाला गेल्या होत्या, आणि दोघींना सापांची नावं होती. पार्सन्सच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधायला घेतलेल्या पुढच्या बोटीचं नाव ‘पायथन’ ठरलं होतं. ती आरमारात आली ती ‘वेलॉक्स’ होऊन. कोळसा वाचवण्यासाठी तिच्यात टर्बाइनशेजारी हळू चालण्याकरता जुनी दट्ट्याची इंजिनंही बसवली.

आता ‘कोब्रा’चा सांगाडा. विनाशिकेचा वेग वाढवायचा म्हणजे वजन उतरवायचं, आणि वजन उतरवायचं म्हणजे पत्रा पातळ करायचा. या बोटींच्या अंगावरचा पत्रा काही ठिकाणी पाव इंचाहूनही पातळ होता. लाट बोटीच्या मधोमध आली की दोन्ही टोकं लोंबतात आणि वरचा पत्रा ताणला जातो. लाटा दोन्ही टोकांखाली आल्या की मधला भाग खाली झुकतो आणि तोच पत्रा चेपला जातो. दर लाटेला एकदा ताण, एकदा चेप. वेगाच्या चाचण्या शांत पाण्यात घेतल्या जात, आणि हा हिशोब खवळलेल्या समुद्रात चुकता होई. हा ताण किती बसतो, हे आरमाराला कागदावर माहीत होतं. प्रत्यक्ष बोटीवर कुणी मोजलं नव्हतं.

ते मोजायला समिती नेमली गेली. तिने लेअर्डच्या कारखान्यात बांधलेली ‘वुल्फ’ ही विनाशिका घेतली आणि पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आणली. आधी तिला मधोमध आधार दिला आणि दोन्ही टोकं मोकळी सोडली. नंतर उलटं, टोकांना आधार आणि मधला भाग अधांतरी. गोदीतलं पाणी एकदम न काढता थोडं थोडं उतरवत गेले. पाणी उतरेल तसं बोटीचं वजन आधारांवर येई आणि पत्रे ताणले जात. जागोजागी ताणमापक लावलेले होते. पत्र्यावर कागदातल्या आकड्यापेक्षा ताण कमीच येतो, असं त्या मापनातून निघालं. त्यानंतर ‘वुल्फ’ला मुद्दाम खराब हवेत समुद्रावर नेऊनही पाहिलं. तिला काही झालं नाही. १९०३ पासून आलेल्या नव्या विनाशिका जड आणि मजबूत होत्या. वेग २५ नॉटच्या आसपास, म्हणजे ‘वायपर’पेक्षा ११ नॉट कमी, आणि त्यांतल्या ‘ईडन’मध्ये पुन्हा टर्बाइन होतं. १९०६ ची ‘ड्रेडनॉट’ ही प्रचंड युद्धनौकाही टर्बाइनवरच चालली.

त्या गोदीतल्या मापनाचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ‘कोब्रा’सारख्याच पातळ पत्र्याच्या बोटीखालून पाणी इंचाइंचाने काढलं जातंय, पत्रे ताणले जाताहेत, आणि ताणमापकांवरचे आकडे कुणीतरी एकामागून एक टिपून घेतंय.