घायपाताचा फुलोरा व कुंपणाची तरतूद

परसांत किंवा शेताच्या बांधावर लाविलेल्या घायपातास बरींच वर्षें गेल्यावर एके दिवशीं मधोमध जाड दांडा फुटतो, आणि थोड्याच आठवड्यांत तो १५ ते २५ फूट उंच होतो. पाहणारांस कौतुक वाटतें. परंतु मालकानें तें त्या झाडाच्या अखेरीची आगाऊ सूचना समजावी.

हें झाड मूळचें मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतलें. इंग्रजींत ह्यास शतकाचें झाड म्हणतात. तथापि फुलोऱ्यास शंभर वर्षें लागत नाहींत. जात, जमीन व हवा ह्यांच्या मानानें बहुधा १० ते ३० वर्षें पुरतात. तोंपर्यंत झाड आपल्या जाड पानांत व बुंध्यांत पाणी आणि साखर सांठवितें. मेक्सिकोंत दांडा वर येण्यापूर्वींच गाभा कोरून हा गोड रस काढितात व तो आंबवून पुल्के नांवाचें पेय करितात. गाभा न कोरल्यास हीच सारी पुंजी दांड्यास व फुलांस खर्ची पडते.

फुलोऱ्यानंतर झाड कां जगत नाहीं? जेथून नवीं पानें निघावयाचीं, तो वाढीचा शेंडाच फुलोरा होऊन बसतो. मागाहून पाणी घातलें, खत दिलें किंवा दांडा तोडला, तरी त्या बुंध्यास नवें पान येत नाहीं. पानें क्रमाक्रमानें सुकतात.

परंतु वंश बुडत नाहीं. मुळांशीं मुनवे असतात. वाखाकरितां लावितात त्या सिसल जातीच्या तर दांड्यावरच फुलांमागून बारीक रोपें धरतात. १८९३ सालीं रिचर्ड हिंडॉर्फ ह्यांनीं फ्लॉरिडांतून अशीं सुमारें १००० रोपें पूर्व आफ्रिकेंत आणविलीं. त्यांपैकीं ६२ च जगलीं. पण तेथील वाखाचा मोठा धंदा त्यांवरच उभा राहिला.

ह्यावरून शेतकरी बंधूंनीं घ्यावयाचा बोध एवढाच. एकाच वर्षीं लाविलेलें कुंपण थोड्याफार अंतरानें एकदमच फुलावर येण्याचा संभव असतो. मग खिंडारें पडतात, गुरें आंत शिरतात आणि शेजाऱ्याशीं हद्दीचे तंटे माजतात. म्हणून पहिला दांडा दिसतांच मुनवे काढून पावसाच्या आरंभीं मोकळ्या जागीं लावावे. वाख काढावयाचा असल्यास पानें सुकण्यापूर्वीं कापावीं. चिकानें अंगास खाज सुटते व पानाच्या टोंकाचा कांटा डोळ्यास घातक असतो, ह्याची खबरदारी घ्यावी. वाळलेला दांडा घराजवळ असेल तर तो पडण्यापूर्वींच उतरवावा. दांड्यावरील रोपें नको त्या ठिकाणीं गळूं देऊं नयेत. तीं रुजून पुढें जमीन अडवितात.

फुलोरा खुशाल पाहावा. मात्र त्याच हंगामांत नवें रोप जमिनींत गेलेलें असावें.