तिसरं नाव : गटणे

संशोधन-निबंध हाती आला की आधी लेखकांची नावं वाचायची, ही माझी जुनी खोड. १९५४ सालच्या ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’तल्या एका निबंधावर तीन नावं आहेत : स्मिथबर्न, केर आणि पी. बी. गटणे. (मराठी वाचकाला चटकन आठवतो तो गटणे हा नव्हे!) भारतीयांच्या रक्तद्रवात कोणकोणत्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, याची ही झडती. रॉकफेलर फाउंडेशन आणि आयसीएमआर यांनी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही, काढलं ते १९५२ साली. त्याच सुमाराचं हे काम.

पद्धत निर्दय होती. रक्तद्रव आणि विषाणू एकत्र करून उंदराच्या मेंदूत टोचायचे. उंदीर जगला, तर त्या रक्तात संरक्षण आहे असं धरायचं. आफ्रिकेतून आणलेल्या ज्या विषाणूंशी हे रक्त ताडून पाहिलं, त्यांत एक होता झिका. १९४७ साली युगांडात, पीतज्वराचा माग काढण्यासाठी जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात तो सापडला होता. माकड रीसस, म्हणजे मूळ आपल्या आशियातली जात.

पुण्यातला निकाल असा : झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तानं विषाणू निष्प्रभ केला.

मग झिका इथे तेव्हाच होता का? इथेच वाद आहे. झिका आणि डेंगी एकाच घराण्यातले. डेंगी होऊन गेलेल्या माणसाची प्रतिपिंडं झिकालाही अडवू शकतात, आणि डेंगी आपल्याकडे मुरलेलाच. मी शंकेखोरांच्या बाजूचा. ते ३३ जण झिकाचे पुरावे होते असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण शंका होती म्हणून तर डासांत आणि तापाच्या रुग्णांत प्रत्यक्ष विषाणू शोधत राहायला हवं होतं. प्रतिपिंडाच्या संशयावर तोच उतारा.

याच पाहणीत सौराष्ट्राकडच्या काही नमुन्यांनी रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूलाही दाद दिली नव्हती. तो इशाराही तसा कच्चाच. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा आधी भीती वाटली पीतज्वराची. पुण्याच्या चमूनं वेगळा काढलेला विषाणू निघाला नवाच, पण त्या रशियन घराण्यातला. पोसणारी गोचीड. पुढची चक्रं झपाट्यानं फिरली. जंगलातली माकडं, उंदीर, पक्षी, गोचिड्या सगळे तपासले गेले.

झिकाच्या बाबतीत ही घाई दिसली ती ब्राझीलमधल्या साथीनंतर. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. अहमदाबादच्या बापूनगरमधले तीन रुग्ण पुण्याच्या प्रयोगशाळेनं पक्के केले. पण सामान्य माणसाला ते कळलं मे २०१७ मध्ये, तेही जागतिक आरोग्य संघटनेकडून. प्रयोगशाळेनं वेळेवर ओळखायचं आणि कचेरीनं ते दाबून ठेवायचं, याला तयारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये सापडला, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी. २०२४ च्या पावसाळ्यात तर खुद्द पुणे शहरातच झिकाचे रुग्ण सापडत राहिले.