प्रवाहाचे साक्षीदार

गोव्याच्या पश्चिमेला भूखंडाचा उथळ मंच संपतो आणि समुद्रतळ झपाट्याने खोल उतरू लागतो. या उतारावर, सुमारे हजार मीटर पाण्यात, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक एक लांब तार उभी करून ठेवतात. तिच्या तळाशी जड वजन असतं आणि वरच्या टोकाला पाण्याखालीच तरंगणारा मोठा गोळा. त्या गोळ्यात, पृष्ठभागापासून शे-दोनशे मीटर खाली, वर तोंड करून एक यंत्र बसलेलं असतं. त्याचं पूर्ण नाव अकूस्टिक डॉप्लर करंट प्रोफायलर, पण संस्था जिथे आहे त्या दोना पावलात काय किंवा इतरत्र काय, सगळे त्याला एडीसीपी म्हणतात.

यंत्राच्या तोंडावर साधारणपणे चार चकत्या असतात. उभ्या रेषेपासून वीसेक अंश कललेल्या चार दिशांना त्या एकाच वेळी आवाजाचा ठोका सोडतात आणि लगेच गप्प बसून प्रतिध्वनी ऐकतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. त्यामुळे लवकर परतलेला प्रतिध्वनी जवळच्या थरातला आणि उशिरा आलेला दूरच्या थरातला, एवढं घड्याळावरूनच कळतं. परतलेल्या आवाजाचा स्वर किती चढला किंवा उतरला यावरून त्या थराचा वेग निघतो. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ साली मांडलेलं तत्त्व ते हेच. पंख्याच्या जुन्या प्रवाहमापकाला एका जागचाच वेग कळायचा. इथे एका यंत्रातून दर काही मीटरला एक अशी वेगांची पूर्ण उतरंड मिळते.

ऐकायला सोपं वाटतं, पण फरक किती बारीक आहे पाहा. दीडशे किलोहर्ट्झच्या यंत्रासमोरून सेकंदाला दहा सेंटिमीटरचा आडवा प्रवाह गेला, तर कललेल्या किरणात स्वर हलतो तो दीड लाख कंपनांमागे जेमतेम सातने. एका ठोक्यावर त्यामुळे कोणी विश्वास ठेवत नाही. अनेक ठोक्यांची सरासरी घेतल्यावरच आकडा वहीत जातो.

मला मात्र या यंत्रातली खरी गंमत वेगळीच वाटते. ते पाण्याचा वेग मोजतच नाही. स्वच्छ पाणी या आवाजाला जवळजवळ काहीच उत्तर देत नाही. उत्तर येतं ते पाण्यातल्या बारीक जिवांकडून, म्हणजे कोपेपॉडसारख्या कवचधारी प्राणिप्लवकांकडून. कौलातून आलेल्या कवडशात धुळीचे कण दिसतात म्हणून हवा कुठे सरकते ते कळतं, तसंच हे. हे जीव पाण्याबरोबर मुकाट वाहत जातात, या एका गृहीतावर सगळा हिशेब उभा आहे.

आडव्या दिशेने ते गृहीत बरंच खरं ठरतं. उभ्या दिशेने मात्र साक्षीदार उलटतात. दिवस मावळला की हे जीव खायला वर येतात आणि पहाटेआधी पुन्हा अंधाऱ्या पाण्यात उतरतात. मग यंत्र सांगतं की रोज संध्याकाळी समुद्र वर चढतो! प्रवाहाचा अभ्यासक ही चूक म्हणून बाजूला काढतो. जीवशास्त्रज्ञाला तोच पुरावा. प्रतिध्वनीच्या जोरावरून प्राणिप्लवक किती आहेत याचा अंदाज बांधता येतो. पूर्व अरबी समुद्रातल्या त्यांच्या वार्षिक चढउताराचा अभ्यास संस्थेने याच नोंदींवरून केला आहे.

प्रवाहाविषयी अशा तारांनी जे सांगितलं तेही पुस्तकी चित्राला धक्का देणारं आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, हे जहाजांच्या भरकटण्यावरून आधीच ठाऊक होतं. २००८ ते २०१२ या काळात कन्याकुमारी, कोल्लम, गोवा आणि मुंबई यांच्यासमोरच्या उतारांवरून नोंदी आल्या, तेव्हा हे ऋतुचक्र दिसलं, पण एका सालासारखं दुसरं साल नव्हतं. उत्तरेकडे ऋतूचा जोर जास्त, दक्षिणेकडे काही आठवड्यांच्या हेलकाव्यांचा. शिवाय प्रवाहाची दिशा बऱ्याचदा आधी खाली बदलते आणि तो बदल हळूहळू वर चढतो. म्हणजे वरच्या पाण्याच्या उलट दिशेने खाली दुसरा प्रवाह चालू असतो. उपग्रहावरून काढलेला पृष्ठभागाचा प्रवाह आणि ४८ मीटरवरचा मोजलेला प्रवाह यांची वेळ जुळत नाही, त्याचं एक संभाव्य कारण हेच. अगदी पृष्ठभाग या यंत्रालाही दिसत नाही: पाण्याच्या छताचा थेट प्रतिध्वनी इतका मोठा असतो की अंतराचा शेवटचा सहाएक टक्के भाग त्यात बुडून जातो.

खोल समुद्रात अडचण वेगळी. स्वर जितका बारीक तितका तो पाण्यात लवकर विरतो. बाराशे किलोहर्ट्झचं यंत्र पंधरा-वीस मीटर ऐकतं, तर जहाजाच्या बुडाला लावलेलं अडतीस किलोहर्ट्झचं हजारेक मीटर. पण आणखी खाली साक्षीदारच विरळ होतात. म्हणून पाण्याचे नमुने घेणाऱ्या चौकटीला एडीसीपी बांधून ते तळापर्यंत सोडतात. प्रत्येक ठोक्यात थोडंसंच पाणी ऐकू येतं, चौकट स्वतः हेलकावत असते, आणि असे शेकडो तुकडे एकमेकांवर चढवत वेग जुळवावा लागतो. तळ जवळ आला की त्याच्यावरून आलेला प्रतिध्वनी पक्का आधार देतो, कारण तळ वाहत नाही.

एडीसीपी येण्याच्या कितीतरी आधी जॉन स्वॅलो या इंग्रज समुद्रशास्त्रज्ञाने साक्षीदारांची गरजच संपवली होती. १९५५ साली त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा असा तरंगक केला की तो ठरलेल्या खोलीवर ना वर येई, ना बुडे. तो स्वतःच आवाज करी आणि जहाज त्यामागे जाई. १९६० मध्ये ‘एरीज’ या छोट्या जहाजावरून बर्म्युडाजवळ हे तरंगक सोडले, तेव्हा खोल पाणी संथ असतं ही समजूत कोसळली. ते अपेक्षेच्या कित्येक पट वेगाने, भलत्याच दिशांना जात होते. आज ज्यांना महासागरातले भोवरे म्हणतात त्यांची ती चाहूल होती.

पुढे १९८० च्या दशकात कामाची अदलाबदल झाली. आवाज करणारी अवजड यंत्रं एका जागी नांगरली आणि तरंगकाला नुसतं ऐकायला ठेवलं. ऐकायला वीज कमी लागते, त्यामुळे तो हलका आणि स्वस्त झाला. मुदत संपली की वजन टाकून तो वर येतो आणि ऐकलेल्या वेळांची नोंद उपग्रहाकडे पाठवतो. एडीसीपीची वही मात्र यंत्राच्या पोटातच राहते. जहाज जाऊन आवाजाचा ठरलेला संकेत देतं, तळाजवळची पकड सुटते, वजन मागे राहून तार वर येते, तेव्हा कुठे गेल्या वर्षीचा समुद्र वाचायला मिळतो.